सर्पगंधेची मात्रा

उच्च रक्तदाबावर दीर्घकाळ पोटातून घेता येईल असे परिणामकारक औषध विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वैद्यकाकडे जवळजवळ नव्हते. जी थोडी औषधे प्रथम हाती आली त्यांतले एक सर्पगंधेच्या मुळीत होते, आणि आधुनिक वैद्यकाने तिची दखल घ्यावी इतकी नेटकी नोंद मुंबईत झाली. या इतिहासात शोधाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व मात्रेला आहे, कारण मुळीचा गुण ओळखल्यानंतर ती किती द्यावी हे कळायला आणखी बरीच वर्षे लागली.

सर्पगंधा हे सह्याद्रीच्या आणि हिमालयाच्या पायथ्याच्या ओलसर रानांत वाढणारे लहान झुडूप होय. त्याची मुळी वेडीवाकडी, चवीला अतिशय कडू आणि आतून फिकट पिवळी असते. औषधी अंश, म्हणजे वनस्पतीतली अल्कलॉइड नावाची क्रियाशील द्रव्ये, मुख्यतः तिच्या सालीत साठतात, त्यामुळे काढताना साल खरवडली गेली की मुळी दिसायला तशीच राहते, पण तिचे बळ जाते. शिवाय जमीन आणि हंगाम यांनुसार या द्रव्यांचे प्रमाण बदलते. सर्पदंश, निद्रानाश आणि उन्माद यांवर ती परंपरेने दिली जात असे. बिहारात तर ती ‘पागल की दवा’ या नावानेच विकली जाई.

१९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळीचे चूर्ण उन्मादाबरोबरच वाढलेल्या रक्तदाबावरही उपयोगी पडते असे लिहिले. त्यांनी सांगितलेली मात्रा २० ते ३० ग्रेन, दिवसातून दोनदा, अशी होती. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. त्याच वर्षी दिल्लीत सलीमुज्जमाँ सिद्दिकी आणि त्यांच्या सहकाऱ्याने मुळीतून काही अल्कलॉइडे वेगळी केली आणि त्यांतल्या एकाला हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ ‘अजमलिन’ हे नाव दिले. मात्र रक्तदाब उतरवणारे मुख्य द्रव्य अजून सापडायचे होते.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये ५० रुग्णांवरील निरीक्षणे प्रसिद्ध केली. वैद्यांच्या अनुभवात अनेक वर्षे असलेली गोष्ट त्यांनी पट्टा बांधून, पाऱ्याच्या स्तंभावर आकडा वाचून, जगातल्या कोणत्याही डॉक्टरला पडताळता येईल अशा रीतीने मांडली, आणि हेच त्यांचे खरे मोठेपण आहे. त्यानंतर अमेरिकेत बॉस्टनला रॉबर्ट विल्किन्स यांनी हे औषध वापरून पाहिले, १९५२ साली स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे केले, आणि ग्रेनमध्ये मोजायची चूर्णाची मात्रा मिलिग्रॅमच्या अंशावर आली.

शुद्ध द्रव्य हाती आल्याने मोजणी सोपी झाली, पण औषध त्यामुळे निरुपद्रवी झाले नाही. मज्जातंतूंच्या टोकांशी नॉरएड्रेनलिनसारखी संदेशवाहक द्रव्ये साठवलेली असतात. रेसर्पिन तो साठा रिता करते. साठा हळूहळू रिता होत असल्याने पूर्ण परिणाम दिसायला दिवस, कधी आठवडे लागतात, आणि गोळी बंद केल्यावरही तो बराच काळ टिकतो. चार दिवसांत आकडा उतरला नाही म्हणून मात्रा वाढवणे येथे घातक ठरते, कारण आधीच्या मात्रेचा परिणाम अजून पुरता उमटलेलाच नसतो. नाक चोंदणे, गुंगी येणे, नाडी मंदावणे हे त्रास लवकर लक्षात आले; पण मेंदूतली हीच द्रव्ये घटल्याने काही रुग्णांना खोल नैराश्य येते आणि त्यातून आत्महत्येचाही धोका संभवतो, ही गोष्ट पन्नाशीच्या दशकात, गोळी सर्वत्र पसरल्यावर ठळक झाली. रक्तदाबाच्या रुग्णाला झोप कशी लागते, कशात मन लागते का, हे विचारणे त्यानंतर उपचाराचाच भाग झाले.

मात्रा कमी करूनही गुण येतो, हे अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत एडवर्ड फ्राइस यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या चाचणीने दाखवले. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या पहिल्या भागात १४३ पुरुष होते आणि त्यांचा खालचा रक्तदाब ११५ ते १२९ होता. औषध मिळालेल्यांना दिवसाला अवघे ०.२ मिलिग्रॅम रेसर्पिन, जोडीला लघवी वाढवणारे औषध आणि हायड्रालाझिन दिले गेले. औषधाविना राहिलेल्या गटात २७ जणांना गंभीर विकार झाले, तर औषध घेणाऱ्यांत केवळ दोघांना. एकाच औषधाची मोठी मात्रा देण्याऐवजी दोन-तीन औषधांच्या लहान मात्रा जोडण्याची रीत या चाचणीने दृढ केली.

आता नव्या औषधांमुळे रेसर्पिन मागे पडले असले तरी सर्पगंधा व्यवहारातून गेलेली नाही. मुळांसाठी इतकी झुडपे उपटली गेली की आंतरराष्ट्रीय व्यापारात तिच्यावर निर्बंध घालावे लागले, आणि आयुर्वेदिक औषधांच्या दुकानांत झोपेसाठी मिळणाऱ्या सर्पगंधा घनवटीत तीच मुळी असते. रक्तदाबाची गोळी चालू असताना ही वटी घेतली तर दोहोंचा परिणाम एकवटून दाब आणि नाडी अवाजवी उतरू शकते. ‘झाडपाल्याचे आहे, अपाय काय होणार’ अशा समजुतीने ती घेणारा तिला औषधांत मोजतच नाही, आणि डॉक्टरांनी चालू औषधे विचारली की त्याच्या तोंडून वटीचे नाव निघत नाही.