सुईनें लिहिलेले लेख

ऐतिहासिक साधनें म्हटलीं कीं दफ्तरें, बखरी, ताम्रपट व शिलालेख हींच आपल्या डोळ्यांपुढें येतात. इंग्लंडांत मुली लिननच्या कापडावर टाके, नक्षी व मुळाक्षरें भरून जे नमुनापट तयार करीत, त्यांस सँप्लर म्हणतात. घरांतील कपड्यांवर मालकीच्या खुणा घालतां याव्या, म्हणून मुळाक्षरांचा अभ्यास असे. अशा पटांची गणना साधनांत करावी कीं नाहीं, हें दोन उदाहरणांवरून पाहूं.

सन घातलेला सर्वांत जुना ज्ञात ब्रिटिश पट जेन बॉस्टॉक हिचा, इ. स. १५९८ चा असून तो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयांत आहे. ॲलिस ली हिचा जन्म २३ नोव्हेंबर १५९६, मंगळवारीं, दोन प्रहरानंतर झाल्याची नोंद त्यावर आहे. वाराचा मेळ आम्हीं गणितानें पाहिला. ग्रेगरियन पद्धतीनें त्या तारखेस शनिवार पडतो. परंतु इंग्लंडांत १७५२ पर्यंत ज्यूलियन कालगणना चालू होती व तिच्याप्रमाणें मंगळवारच येतो. शिवाय वर्णमालेंत जे व यू हीं अक्षरें नाहींत. आय व जे, तसाच यू व व्ही यांचा भेद तेव्हां रूढ नव्हता. जुन्या पत्राच्या अस्सलपणास आपण ज्या कसोट्या लावतों, त्यांस हें वस्त्र उतरतें.

दुसरा पट त्याच संग्रहालयांतील, सुमारें १८३० चा. ससेक्समधील एलिझाबेथ पार्कर (जन्म १८१३) हिनें तांबड्या रेशमानें, फुलीच्या टाक्यांनीं, नक्षीवांचून ४६ ओळी भरल्या आहेत. लहानपणींची चाकरी, धन्याकडून झालेला छळ व आत्मघाताचा मोह यांची ही कबुली होय. आपल्या आत्म्याचें काय होईल, या प्रश्नापाशीं वाक्य अर्धेंच राहतें. पुष्पिका नाहीं. पोथी अशी तुटली तर शेवटचें पान गहाळ झालें, असें आपण समजतों. येथें मात्र खालीं कापड कोरें आहे. लेख खंडित झालेला नाहीं, लेखिका थांबली आहे. ती पुढें शिक्षिका झाली व ७६ व्या वर्षापर्यंत जगली, हें समजतें तें इतर कागदांवरून. पण त्या रात्रंदिवसांच्या यातना कोणत्याही सरकारी कागदांत सांपडावयाच्या नाहींत.

मोलकरणीचें दफ्तर कोणी ठेवीत नाहीं. यास्तव आमचें मत असें कीं, असे पट साधनांतच गणावे. आणि त्यांची नक्कल करतांना मजकुराबरोबर टाका, रंग व कोरी सोडलेली जागा यांचीही नोंद करावी.