माळ्यावर सापडलेला आवाज

वाडा पाडण्यापूर्वी माळा रिकामा करण्याचे काम बहुधा घरातील धाकट्याकडे येते. २००६ साली सदाशिव पेठेतील आमचा वाडा पुनर्बांधणीसाठी द्यायचे ठरले, तेव्हा ते माझ्याकडे आले. तांब्याचा बंब, फुटका पाटा, पाळण्याच्या साखळ्या यांच्यामागे गोणपाटात गुंडाळलेल्या तीन वस्तू होत्या : चावीचा ग्रामोफोन, व्हॉल्व्हचा रेडिओ आणि स्पूलचा टेपरेकॉर्डर. सोबत पत्र्याच्या ट्रंकेत तबकड्या आणि चार रिळे. भंगारवाल्याने ग्रामोफोनला लगेच भाव सांगितला, रेडिओ लाकडाच्या किमतीला मागितला आणि रिळे फुकटही नको म्हणाला. जुन्या इमारती रिकाम्या होताना बहुतेक घरांत हाच क्रम लागतो, आणि तो नेमका उलटा आहे.

ग्रामोफोन ही या तिघांतली सर्वांत कमी दुर्मीळ वस्तू. आमचा होता एचएमव्हीचा १०२ क्रमांकाचा, १९३०च्या दशकात बाजारात आलेला पेटीवजा प्रकार. त्याला बाहेर कर्णा नसतो. आवाजाची वाट पेटीच्या आतूनच काढलेली असते. पाहुण्यांची यामुळे निराशा होते. पितळी कर्ण्याचे, कुत्र्याचे चित्र मिरवणारे जे चकचकीत ग्रामोफोन जुन्या बाजारात दिसतात, त्यांतले पुष्कळसे अलीकडे जुळवलेले असतात, आणि त्यांच्या पोटातले यंत्र अनेकदा अशाच एखाद्या मोडलेल्या पेटीचे असते. खऱ्याचे भंगार करून खोटे सजवण्याचा हा धंदा बरीच वर्षे चालू आहे.

मोल आहे ते तबकड्यांचे. फ्रेड गाइसबर्ग यांनी नोव्हेंबर १९०२मध्ये कोलकात्यात ध्वनिमुद्रण केले, त्यात गौहरजान होत्या. तबकड्या तेव्हा जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात. तिथल्या कारागिरांना गाणे ओळखता यावे म्हणून गाणारी व्यक्ती शेवटी आपले नाव सांगत असे, असे म्हटले जाते. १९०८मध्ये कोलकात्यात सियालदहला कारखाना निघाला. तबकडीतील मुख्य द्रव्य लाख. लाकडी सामानाचे पॉलिश जसे लाख स्पिरिटमध्ये विरघळवून करतात, तशीच स्पिरिटच्या बोळ्याने पुसलेली तबकडीही विरघळू लागते. ती मऊ कापडानेच पुसावी, आडव्या थप्पीत न ठेवता उभी ठेवावी आणि एलपीच्या सुईने वाजवू नये. तिची खाच रुंद असते व सुई तिच्या तळाशी घासत राहते.

पण दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मिळत. तासभर रंगणारा ख्याल त्या तीन मिनिटांत बसवावा लागे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील गवयांचा विलंबित विस्तार कसा असे, हे आज बऱ्याच अंशी ऐकीव आठवणींवर मानावे लागते, त्याचे हे एक साधे कारण.

रेडिओच्या बाबतीत मात्र मला स्वतःचा गुन्हा कबूल करायला हवा. पुणे आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले, आणि १ एप्रिल १९५५पासून गदिमा व सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ आठवड्याला एक गीत याप्रमाणे प्रसारित होऊ लागले. आमच्या चौकात त्या वेळी बिऱ्हाडकरूंची सतरंजी अंथरली जाई, असे आजी सांगे. तो हाच रेडिओ. धूळ झटकली, पिन लावली, बटण फिरवले. काचेमागे पिवळा उजेड पडला, व्हॉल्व्ह हळूहळू तापले, क्षणभर घरघर ऐकू आली; आणि मग जळका वास व धूर. पन्नास वर्षांत आतले कंडेन्सर सुकून निकामी होतात. त्यांवर एकदम पूर्ण दाब आला की वीज थेट वाहते आणि ट्रान्सफॉर्मर जळतो. जाणता कारागीर आधी कंडेन्सर बदलतो, मग डिमरस्टॅट लावून दाब थोडाथोडा वाढवतो. पिन काढल्यावरही काही काळ आत अडीचशे-तीनशे व्होल्ट साठून राहू शकतात, आणि जुन्या एसी-डीसी रेडिओंच्या तर सांगाड्यातच वीज खेळू शकते. तेव्हा मागचा पुठ्ठा काढून कुतूहल शमवू नये.

आता रिळांकडे. आमचा ग्रुंडिग टेपरेकॉर्डर काकांनी जर्मनीहून आणलेला. बाराशे फुटी फीत सेकंदाला पावणेचार इंच वेगाने एका बाजूला एक तासाहून थोडी अधिक चाले. तीन मिनिटांच्या बंधनातून गाणे सुटले ते इथे. घरगुती बैठका, गणेशोत्सवातील मैफली, कीर्तने लोकांनी अशा फितींवर टिपली. तबकडीच्या शेकडो प्रती निघत. घरच्या रिळाची प्रत बहुधा एकच.

आणि तीच सर्वांत नाजूक. रीळ उजेडासमोर धरावे : प्रकाश आरपार दिसला तर फीत अ‍ॅसिटेटची, न दिसल्यास बहुधा पॉलिस्टरची. अ‍ॅसिटेटची फीत कुजू लागली की तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. ती ठिसूळ होते आणि भरभर गुंडाळताना तुटते. पॉलिस्टरची तुटत नाही, ताणली जाते, आणि ते अधिक वाईट. तुटलेली फीत जोडता येते, ताणलेली पूर्ववत होत नाही. माळ्यावरून काढलेल्या यंत्रावर माळ्यावरचीच फीत लावून पाहण्याचा मोह प्रत्येकाला होतो. त्या यंत्राचे रबरी पट्टे चिकट झालेले असतात, डोक्यावर जुना मळ असतो. पहिल्याच फेरीत रीळ गमावण्याची शक्यता फार. चांगल्या अवस्थेतील यंत्रावर, जाणकाराकडून, एकदाच वाजवून संगणकात घ्यावे. ९६ किलोहर्ट्झ आणि २४ बिट हे संग्रहालये मानतात ते प्रमाण. थेट एमपीथ्री करू नये. १९९०मध्ये मुंबईत सुरू झालेली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स तबकड्यांच्या क्षेत्रातली, तर गुरुग्रामचे १९८२पासूनचे एथ्नोम्युझिकॉलॉजी संग्रह केंद्र ध्वनिमुद्रणांच्या जतनातले. रिळाच्या खोक्यावर पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी फेकू नये. पुष्कळदा तेवढीच नोंद असते.

आमच्या एका खोक्यावर ‘कोजागरी १९६३, चौक’ एवढेच आहे. त्या रिळावर पाऊण तास बागेश्री आहे; मध्ये कपबशांचा आवाज, आणि कुणीतरी आटवलेले दूध वाढायला सांगते. खोकला आजोबांचा, हे वडिलांनी पहिल्या खेपेसच ओळखले. गाणारे कोण, हे मी तीन जाणकारांना ऐकवले. तिघांनी तीन नावे सांगितली. दुसरे रीळही उतरवून झाले आहे, त्यात कीर्तन आहे. तिसऱ्याला आंबूस वास येतो. चौथे अजून उघडलेले नाही.