नेत्सुके: खिसा नसलेल्या पोशाखाचा इतिहास

पर्सला अडकवायचे शोभेचे लटकन आणि किल्ल्यांची कीचेन आज दुकानात शेजारीशेजारी टांगलेली असतात. एक हौसेचे, दुसरी कामाची, असे आपण सहज म्हणून जातो. ही विभागणी पोशाखावर किती अवलंबून असते, हे जपानमधील नेत्सुकेच्या इतिहासात स्पष्ट दिसते.

एदो काळात (१६०३ ते १८६८) जपानी पुरुष किमोनो घालत आणि किमोनोला खिसे नसत. हलकीसलकी वस्तू बाहीत राही. पैशांची थैली, तंबाखूचा बटवा किंवा 'इन्रो' नावाची औषधांची कप्पेदार डबी मात्र कमरेच्या 'ओबी' या पट्ट्याला टांगावी लागे. डबीची दोरी पट्ट्याच्या आतून वर काढून तिच्या टोकाला एक कोरीव गोळा अडकवत. तोच नेत्सुके. डबीचे वजन दोरी खाली ओढते, गोळा पट्ट्याच्या वरच्या कडेला अडतो आणि दोरी निसटत नाही. तत्त्व इतके साधे.

या कामामुळे आकारावर बंधने आली. वस्तू मुठीत मावणारी हवी, कापडात अडकेल असे टोक नको. दोरीसाठी दोन भोके असत. त्यांतले एक पुष्कळदा मोठे, गाठ आत लपावी म्हणून. एवढ्या मर्यादेत कारागिरांनी लाकडात आणि हस्तिदंतात ससे, उंदीर, भुते, म्हातारे कोरले. उंदराची शेपटी अंगाभोवती गुंडाळलेली दिसते ती नुसती नजाकत नव्हे. सुटी शेपटी टिकलीच नसती. ओसाकात १७८१ मध्ये निघालेला 'सोकेन किशो' हा ग्रंथ खरे तर तलवारीच्या साजावरचा, पण त्यात पन्नासहून अधिक नेत्सुके कारागिरांची नोंद आहे.

१८६८ नंतर मेइजी काळात पाश्चात्त्य कपडे आले, त्यांच्याबरोबर खिसे आले आणि नेत्सुकेचे काम संपले. वस्तू मात्र संपली नाही. युरोपातील संग्राहक ती विकत घेऊ लागले. पॅरिसमधील शार्ल एफ्रुसी यांच्या संग्रहात २६४ नेत्सुके होते. कपाटात ठेवण्यासाठीच घडवलेल्या मूर्तींचे हात, शस्त्रे खुशाल बाहेर आली, कारण आता ती कापडात अडकणार नव्हती. विद्यार्थ्यांनी संग्रहालयात हे जरूर पाहावे. उपयोग गेल्याची खूण अशी आकारातच सापडते.

आता एक कसोटी लावू: वस्तू काढली तर काय पडेल? नेत्सुके काढला तर डबी पडते. कीचेनची कडी काढली तर किल्ल्या विखुरतात. पर्सचे लटकन काढले तर काहीच पडत नाही. ही कसोटी मला उपयोगी वाटते, पण अपुरी. लॉजच्या किल्लीचा जड पितळी बिल्ला काढला तरी कुलूप उघडते. फक्त पाहुणा किल्ली खिशात घालून गावाला निघून जातो. नेत्सुकेचेही तसेच. बिनकोरीव गोळ्यानेही डबी टांगलेली राहिली असती. कोरीवकामातून दिसे ती मालकाची ऐपत आणि आवड.

आपल्याकडे साडीलाही खिसा नसतो. बंगालमध्ये गृहिणी किल्ल्यांचा जुडगा पदराच्या टोकाला बांधून तो खांद्यावरून मागे टाकत; महाराष्ट्रात कमरेला चांदीचा छल्ला खोचत. किल्ल्या सांभाळायला साधी दोरीही पुरली असती. पण कोठीची किल्ली घरात कोणाच्या ताब्यात आहे, हे चार माणसांना दिसायला हवे होते.