झाकणाच्या शेगडीचा उदय

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत उपनगरे झपाट्याने वाढली आणि घरामागील अंगणात निखाऱ्यांवर मांस भाजण्याची, म्हणजेच बार्बेक्यूची, प्रथा मध्यमवर्गात रुजली. मात्र तेव्हाच्या बहुतेक शेगड्या उथळ व उघड्या असल्याने वाऱ्याने राख अन्नावर उडे आणि चरबी निखाऱ्यांवर ठिबकली की ज्वाळा भडकत. शिकागो परिसरातील वेबर ब्रदर्स मेटल वर्क्स या कारखान्यातील जॉर्ज स्टीफन यांनी १९५२ मध्ये यावर उपाय शोधला. तेथे बोये, म्हणजे जलमार्ग दाखवणारे तरंगते धातूचे गोल, घडवले जात. तशाच गोलाचे दोन भाग करून त्यांनी खालच्या भागाला तीन पाय आणि वरच्या भागाला मूठ बसवली. झाकणामुळे उष्णता आत खेळती राहिली, तर हवेची छिद्रे कमीअधिक उघडून निखाऱ्यांना मिळणारा प्राणवायू, आणि पर्यायाने आच, आवरता येऊ लागली.

या रचनेनेच शेगडी निवडण्याचे व सांभाळण्याचे निकष घडवले. झाकण नीट बसते का आणि छिद्रांची पाती सहज फिरतात का, हे पाहणे महत्त्वाचे ठरले. तसेच राख ओलावा शोषून पत्रा गंजवते व छिद्रे बुजवते, म्हणून ती पूर्ण थंड झाल्यावर काढणे आणि भाजणीची जाळी गरम असतानाच ब्रशने घासणे हा देखभालीचा नियम बनला. पुढे गॅसवरील शेगड्या आल्या, तरी कोळशाच्या शेगडीची हीच घडण टिकून राहिली.