गूल, झोंबी आणि बेनला लागलेली गोळी

रविवारी भाच्यासोबत ‘झोंबिवली’ पुन्हा पाहिला. आदित्य सरपोतदार यांचा २०२२चा मराठी सिनेमा. डोंबिवलीत झोंबी शिरतात, अशी गोष्ट. मध्येच भाच्यानं विचारलं, “मामू, झोंबी चावला की माणूस झोंबी होतो, हे सगळ्या पिक्चरमध्ये सारखंच कसं?”

प्रश्न रास्त होता. भुताखेतांचे नियम गावागणिक बदलतात. आपला मुंजा पिंपळावर राहतो, हडळीचे पाय उलटे असतात, जिन्नांच्या गोष्टी तर प्रत्येक मोहल्ल्यात वेगळ्या. मग कोरियातल्या ‘ट्रेन टू बुसान’पासून डोंबिवलीपर्यंत झोंबी एकाच साच्यातले कसे? कारण हा साचा कुठल्या लोककथेतून आलेला नाही. अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या एका दिग्दर्शकानं तो १९६८ साली घडवला. त्याचं नाव जॉर्ज रोमेरो.

‘झोंबी’ हा शब्द मात्र त्याच्याही आधीचा, कॅरिबियन बेटांवरच्या हैतीचा. तिथं फ्रेंचांनी आफ्रिकेतून गुलाम आणून उसाच्या मळ्यांत राबवले. गुलामांनी १७९१ मध्ये बंड केलं आणि १८०४ मध्ये देश स्वतंत्र केला. हैतीच्या कथांतला झोंबी कुणाला खात नाही. मांत्रिक प्रेताला उठवतो आणि शेतात राबवतो. मेल्यावरही गुलामी सुटू नये, ही त्यातली खरी धास्ती. माणसाला झोंबीची भीती नव्हती, झोंबी होण्याची होती.

अमेरिकन फौजा १९१५ ते १९३४ हैतीत होत्या. त्याच काळात विल्यम सीब्रुकच्या १९२९च्या प्रवासवर्णनातून हा शब्द अमेरिकेत गाजला आणि १९३२ मध्ये ‘व्हाइट झोंबी’ हा सिनेमा आला. तिथंही झोंबी कुणाचा तरी गुलामच होता. त्याच्यामागं मालक होता.

रोमेरोनं मालकच काढून टाकला. साधारण १ लाख १४ हजार डॉलरमध्ये, कृष्णधवल फिल्मवर त्यानं ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ काढला. प्रेतं उठतात, जिवंतांना खातात. ज्याला चावतात तोही मरून उठतो. मेंदूवर घाव बसल्याशिवाय ती पडत नाहीत. रिचर्ड मॅथेसनच्या ‘आय ॲम लेजंड’ या कादंबरीवरून कल्पना सुचल्याचं रोमेरो उघडपणे सांगत असे.

गंमत अशी, की या सिनेमात ‘झोंबी’ हा शब्द एकदाही येत नाही. तिथं या प्रेतांना म्हटलंय ‘गूल’. आणि हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. अरबी वाळवंटात वाटसरूंना रूप बदलून चकवणारा तो गूल. उर्दूत ‘गूल-ए-बयाबानी’ म्हणतात तोच. ‘सहीह मुस्लिम’मधल्या एका हदीसमध्ये गूल नाकारलेला आहे, म्हणजे त्या काळी लोक त्याला किती घाबरत असतील पाहा. अंत्वान गालांनं १७०४ ते १७१७ दरम्यान ‘अलिफ लैला’ फ्रेंचमध्ये आणली. कबरी उकरून प्रेतं खाणारा गूल युरोपच्या डोक्यात बसला तो तिथूनच. रोमेरोच्या प्रेतांची भूक हैतीची नाही, ती या गूलशी नातं सांगते.

पण मला हा सिनेमा महत्त्वाचा वाटतो तो शेवटामुळं. नायक बेन काळा आहे. ड्वेन जोन्स या अभिनेत्यानं ती भूमिका केली. ऑडिशनमध्ये तोच सर्वांत चांगला होता म्हणून घेतला, असं रोमेरो सांगे. रात्रभर एका घरात अडकलेल्या गोऱ्या माणसांत बेनच डोकं शांत ठेवून लढतो. तो एकटाच वाचतो. सकाळी बंदूकधारी गोऱ्यांची टोळी येते. खिडकीत हालचाल दिसते. कुणी हाक मारत नाही, कुणी विचारत नाही. लांबूनच गोळी झाडतात. मग आकड्यांनी ओढून त्याला इतर प्रेतांसोबत जाळतात.

सिनेमाची प्रिंट घेऊन रोमेरो न्यूयॉर्ककडं निघाला होता, तेव्हा गाडीच्या रेडिओवर मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येची बातमी त्यानं ऐकली. तारीख ४ एप्रिल १९६८. ऑक्टोबरमध्ये सिनेमा लागला तेव्हा तो शेवट नुसता भयपटाचा शेवट राहिला नव्हता.

पुढं एक चूक झाली. वितरकानं सिनेमाचं नाव बदललं आणि नव्या पाटीवर कॉपीराइटची ओळ टाकायची राहिली. तेव्हाच्या कायद्यानुसार सिनेमा सार्वजनिक मालकीचा झाला. रोमेरोचं आर्थिक नुकसान झालं, पण सिनेमा कुणीही दाखवू शकत होतं, आणि त्याचे नियम जगभर पसरले. व्हिडिओ गेम, कॉमिक्स, ‘द वॉकिंग डेड’सारख्या मालिका, आपल्याकडचा २०१३चा ‘गो गोवा गॉन’, सगळे त्याच वाटेनं आले.

नियम सगळ्यांनी उचलले. प्रश्न फार थोड्यांनी उचलला. प्रश्न असा: समोरचा माणूस राहिलेला नाही, हे ठरवतो कोण?

२०१३च्याच ‘वर्ल्ड वॉर झी’मध्ये जेरुसलेमभोवती भिंत आहे. आत घेतलेले लोक लाउडस्पीकरवर गाऊ लागतात, त्या आवाजानं बाहेरचे झोंबी खवळतात आणि एकमेकांवर चढून भिंत ओलांडतात. मी तो प्रसंग अवघडून पाहिला. चेहरा नसलेली, संख्येनं वाढत जाणारी, भिंतीपलीकडची गर्दी. आपल्याबद्दल ही भाषा आपण सिनेमाबाहेरही ऐकली आहे. गर्दीला चेहरा नाही हे एकदा पटलं, की गोळी झाडणाऱ्याला हाक मारायची गरज उरत नाही.

रोमेरोनं स्वतः तो प्रश्न सोडला नाही. १९७८च्या ‘डॉन ऑफ द डेड’मध्ये त्याची प्रेतं सवयीनं मॉलमध्ये येतात. २००५च्या ‘लँड ऑफ द डेड’मध्ये श्रीमंत मनोऱ्यात राहतात, गरीब खाली. शेवटी नायक निघून जाणाऱ्या झोंबींवर तोफ डागू देत नाही. २०१७ मध्ये रोमेरो वारला. ‘झोंबिवली’नंही सोसायटी आणि वस्ती यांच्यातली दरी दाखवली, ही त्याचीच खरी वारसदारी.

भाच्याला मी एवढंच सांगितलं, की मूळ सिनेमात नायकाला झोंबी मारत नाहीत. तो म्हणाला, “मग कोण मारतं?” मी म्हणालो, “वाचवायला आलेले.” पुढच्या रविवारी तोच सिनेमा पाहायचं ठरलंय.