परदेशातील अध्यापन-सराव

शिक्षक-प्रशिक्षणार्थ्याने सरावपाठांचा काही भाग दुसऱ्या देशातील शाळेत, तेथील शिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली पूर्ण करण्याची पद्धती (पहा : छात्राध्यापन). अमेरिकेत १९७० च्या दशकात इंडियाना विद्यापीठाने नॅव्हाहो या मूळ अमेरिकी जमातीच्या वस्तीतील व परदेशातील शाळांत प्रशिक्षणार्थी पाठविण्यास आरंभ केला. ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज (१९९५) व जिनिव्हा गे (२०००) यांच्या लेखनाने संस्कृतिसंवेदी अध्यापनाची, म्हणजे विद्यार्थ्यांची सांस्कृतिक पार्श्वभूमी लक्षात घेऊन शिकविण्याची, संकल्पना रूढ झाली (पहा : बहुसांस्कृतिक शिक्षण).

यजमान कुटुंबात निवास, स्थानिक उपक्रमांत सहभाग व चिंतननोंदी ही परदेशातील अध्यापन-सरावाची सामान्य अंगे. प्रशिक्षणार्थी येथे स्वतःच परका ठरतो. शिक्षकाच्या नजरेला नजर देणे, न विचारता बोलणे, चूक चारचौघांत दाखविणे, पालकांना शाळेत बोलावणे यांचे संकेत त्याला नव्याने शिकावे लागतात. परिणामी मायदेशी परतल्यावर स्थलांतरित मुलाचे मौन अनास्थेचे लक्षण न मानता त्याची भाषिक वा कौटुंबिक कारणे शोधण्याकडे कल वाढतो. अमेरिकेत बहुसंख्य शिक्षक श्वेतवर्णीय असून, सार्वजनिक शाळांतील श्वेतवर्णीय विद्यार्थी २०१४ पासून निम्म्याहून कमी आहेत. या तफावतीमुळे पद्धतीला महत्त्व आहे. खर्च आणि अल्प मुक्काम या तिच्या मर्यादा होत. मार्गदर्शित चिंतनाअभावी पूर्वग्रह दृढही होऊ शकतात (पहा : पूर्वग्रह).