आय-लीग, हंगाम २०२२–२३

भारतीय पुरुष फुटबॉलमधील आय-लीगचा १६ वा हंगाम. इंडियन सुपर लीगखालील दुसऱ्या श्रेणीची स्पर्धा म्हणून विजेत्याला वरच्या लीगमध्ये बढती देणारा हा पहिलाच हंगाम. १२ नोव्हेंबर २०२२ रोजी सुरू झालेल्या या स्पर्धेत १२ संघ होते. प्रत्येकाने दुसऱ्याशी घरच्या व परक्या मैदानावर मिळून दोनदा खेळायचे, म्हणजे प्रत्येकी २२ सामने.

महाराष्ट्रातून एकटा मुंबई केंकरे हा संघ होता. कुपरेज हे त्याचे घरचे मैदान. सामन्यांसाठी त्याला श्रीनगर, ऐझॉल, इंफाळ गाठावे लागे. हंगामाअखेर सुदेवा दिल्लीबरोबर त्याची पदावनती झाली. फुटबॉलवेड्या मुंबई-कोल्हापूरच्या राज्यासाठी ही हानी मोठीच. गोव्यातून चर्चिल ब्रदर्स खेळला. आय-लीगची पहिली सहाही विजेतेपदे गोव्याच्या क्लबांनी जिंकली होती, त्यांतली दोन चर्चिलची. त्याच गोव्याचा हा एकच संघ आता येथे उरला होता.

सलग दोन वेळचा विजेता गोकुलम केरळ यंदा मागे पडला. स्टायकोस वेर्गेटिस यांच्या मार्गदर्शनाखाली राउंडग्लास पंजाबने मार्च २०२३ मध्ये विजेतेपद पटकावले आणि २०२३–२४ पासून तो पंजाब एफसी या नावाने सुपर लीगमध्ये उतरला.